ध्वनी, मन आणि अहिंसा

निफाड तालुका ध्वनीच्या दृष्टीने विरोधाभासाचा प्रदेश आहे. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचे लिलाव पुकारले जातात, ट्रॅक्टरांची रांग घरघरत असते. पिंपळगाव बसवंतवरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा महामार्गावर कर्णे थांबत नाहीत. ओझरहून लढाऊ विमाने झेपावतात. त्याच तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी अभयारण्य आहे. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले.

कर्कश आवाज केवळ कानाला टोचत नाही. मेंदूच्या खोल भागात बदामाच्या आकाराचा अमिग्डाला नावाचा अवयव असतो. भय व धोका ओळखणे हे त्याचे कार्य. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठात सुखबिंदर कुमार व सहकाऱ्यांनी १३ व्यक्तींच्या मेंदूचे एमआरआय चित्रण करीत त्यांना ७४ ध्वनी ऐकविले. २०१२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बाटलीवर सुरी घासण्याचा आवाज सर्वाधिक अप्रिय ठरला. वाहते पाणी व बाळाचे हसू सर्वांत कमी अप्रिय ध्वनींत होते. ध्वनी जितका अप्रिय, तितका अमिग्डाला व श्रवणकेंद्र यांच्यातील व्यवहार तीव्र होता. २,००० ते ५,००० हर्ट्‌झ या पट्ट्यातील आवाज विशेष असह्य वाटतात.

धोक्याची सूचना मिळताच शरीरात ॲड्रेनलिन व कॉर्टिसॉल स्रवतात. नाडी व रक्तदाब वाढतो. संकट क्षणिक असेल तर ही व्यवस्था उपकारक. परंतु दिवसभर गल्ल्यावर बसलेल्या व्यापाऱ्याच्या कानी कर्णे आदळत राहिले, तर शरीर सतत सज्ज राहते. मग ग्राहकाशी तुटक बोलणे, हिशेबात चूक आणि घरी आल्यावर मुलांवर चिडणे घडते. दोष स्वभावाला दिला जातो. कारण कित्येकदा कानाशी असते.

ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. व्यापारी भागात ती अनुक्रमे ६५ व ५५ आहे. दहा डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट होणे, हे ध्यानी घेतले की या आकड्यांचे मोल कळते.

जैन दर्शनात कान हे पाचवे इंद्रिय; ते केवळ पंचेंद्रिय जीवांना लाभते. म्हणून वरातीतील डीजे व फटाके हा पंचेंद्रिय जीवांना दिलेला त्रासच होय. त्यात पाखरे, जनावरे, घरातील वृद्ध व तान्ही बाळे सारी आली. भाषा समितीने बोलण्याला जी मर्यादा घातली, तीच वाद्याला व वाहनालाही लागू करावयास हवी. ४८ मिनिटांच्या सामायिकात मौन पाळणाऱ्या समाजाला हे अवघड नाही. पुढील लग्नाची पत्रिका छापण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने वरातीच्या आवाजाचा निर्णय करावा. तो निर्णय खर्चाच्या यादीत नव्हे, अहिंसेच्या व्रतात धरावा.