बॅकअपची नोंद आहे, म्हणजे डेटा परत मिळेल?

एसक्यूएल सर्व्हरवर बॅकअप पूर्ण झाला की सर्व्हर स्वतःच त्याची नोंद करतो. ही नोंद एमएसडीबी या सिस्टिम डेटाबेसमध्ये जाते. कोणत्या डेटाबेसचा, कोणत्या प्रकारचा बॅकअप, कधी सुरू झाला, कधी संपला, कुणी घेतला, किती मोठा झाला, हे सगळं 'बॅकअपसेट' या टेबलात असतं. फाइल कुठे लिहिली गेली तो पत्ता 'बॅकअपमीडियाफॅमिली'त सापडतो आणि या सर्व्हरवर काय काय रिस्टोअर झालं ते 'रिस्टोअरहिस्टरी'त. पतसंस्थेचा एकुलता एक सर्व्हर असो किंवा दोनशे डेटाबेस सांभाळणारी कंपनी असो, टेबलं हीच. एक्सप्रेस या मोफत आवृत्तीत वेळापत्रक चालवणारा एजंट नसतो, त्यामुळे तिथे बॅकअप सहसा विंडोजच्या टास्क शेड्यूलरवरून लावतात. तरीही नोंद पडतेच, कारण ती एजंट नाही, बॅकअप घेणारं इंजिन लिहितं.

इतकी तपशीलवार नोंद हाताशी असताना तिला बहुतेक ठिकाणी एकच प्रश्न विचारला जातो: काल रात्री बॅकअप झाला का? खरा प्रश्न वेगळा आहे. आत्ता सर्व्हर बंद पडला तर कोणत्या क्षणापर्यंतचा डेटा परत आणता येईल, आणि त्यासाठी लागणारी प्रत्येक फाइल आपल्याकडे आहे का? या प्रश्नाची बरीचशी उत्तरं याच टेबलांत दडलेली आहेत. ती निसटतात ती काही पक्क्या बसलेल्या समजुतींमुळे.

पहिली समजूत अशी की, बॅकअप फसला तर या टेबलात तसं दिसेल. दिसत नाही. बॅकअपसेटमध्ये फक्त यशस्वी बॅकअपची ओळ पडते. फसलेल्या बॅकअपची खूण सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये 3041 या क्रमांकाच्या संदेशात सापडते, आणि जॉब एजंटवरून चालत असेल तर जॉबच्या इतिहासात. ज्या डेटाबेसचा बॅकअप कधीच घेतला गेला नाही त्याची तर इथे एकही ओळ नसते. म्हणून बॅकअपसेटमधून 'सात दिवसांपेक्षा जुने बॅकअप दाखव' अशी क्वेरी लिहिली, तर गेल्या महिन्यात नव्याने तयार झालेला आणि कुठल्याच जॉबमध्ये न घातलेला डेटाबेस त्या यादीत येतच नाही. सगळ्यात धोक्यात असलेला तोच, आणि अहवालात त्याचं नावही नाही.

सुरुवात डेटाबेसच्या यादीपासून करायची. 'सिस डॉट डेटाबेसेस' या व्ह्यूमधून सगळी नावं घ्यायची, टेम्पडीबी वगळायचा (त्याचा बॅकअप घेताच येत नाही) आणि मग बॅकअपसेट लेफ्ट जॉइनने जोडायचं. इथे एक बारीक चूक हमखास होते. बॅकअपचा प्रकार 'डी', म्हणजे फुल, असावा ही अट व्हेअरमध्ये टाकली की लेफ्ट जॉइनचा उपयोगच संपतो. बॅकअप नसलेल्या डेटाबेसच्या ओळीत तो रकाना नल असतो आणि अट त्या ओळी गाळून टाकते. अट जॉइनच्या ऑनमध्येच हवी. मी कुठलीही तयार क्वेरी हातात आली की सगळ्यात आधी हीच जागा बघतो.

नोंदीच्या शांततेवर विसंबलं की काय होतं याचं उदाहरण दुसऱ्या डेटाबेसचं आहे, पण ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅबमध्ये एका अभियंत्याच्या हातून मुख्य पोस्टग्रेस सर्व्हरची डेटा डिरेक्टरी पुसली गेली. बॅकअप शोधायला गेले तेव्हा क्लाउडमधली जागा रिकामी निघाली. बॅकअप घेणाऱ्या साधनाची आवृत्ती सर्व्हरशी जुळत नसल्याने ते बरेच दिवस अपयशी होत होतं, आणि अपयश कळवणाऱ्या ईमेल वाटेतच नाकारल्या जात होत्या. अखेर साधारण सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी घेतलेला एक स्नॅपशॉट उपयोगी पडला. ही सगळी हकिगत कंपनीने स्वतःच जाहीर केली, हे तिचे उपकारच म्हणायचे.

"नोंद आहे ना, मग फाइलही असेल." टपालाच्या जावक नोंदवहीत पत्र निघाल्याची ओळ असते, ते जागेवर आजही आहे याची नसते. बॅकअपसेटचं तसंच आहे. ओळ लिहिल्यावर सर्व्हरचा त्या फाइलशी संबंध संपतो. जागा मोकळी करण्यासाठी कुणी फाइल पुसली, दुसऱ्या डिस्कवर हलवली, रॅन्समवेअरने ती लॉक केली, तरी ओळ जशीच्या तशी राहते. उलट बाजूही तितकीच खरी आहे. जुन्या नोंदी काढायच्या 'एसपी_डिलीट_बॅकअपहिस्टरी' या प्रोसिजरने फक्त ओळी जातात, फाइली डिस्कवर तशाच राहतात. अर्थात ती प्रोसिजर चालवायला हवीच. पन्नास डेटाबेसचा लॉग बॅकअप दर पंधरा मिनिटांनी होत असेल तर दिवसाला 4,800 आणि वर्षाला साडेसतरा लाख ओळी साचतात आणि एमएसडीबी जड होत जातो. नोंदी किती दिवस ठेवायच्या याचा साधा निकष असा: सगळ्यात जुनी बॅकअप फाइल जितकी जुनी, निदान तितके दिवस.

आता ज्या समजुतीमुळे लोक विनाकारण घाबरतात ती घेऊ. फुल बॅकअप घेतला की लॉगची साखळी तुटते, असं अनुभवी माणसंही ठामपणे सांगतात. साखळी तुटत नाही. फुल बॅकअप लॉग कापतही नाही. प्रत्येक लॉग बॅकअपच्या ओळीत 'फर्स्ट_एलएसएन' आणि 'लास्ट_एलएसएन' असे दोन मोठे आकडे असतात. लॉगमधल्या प्रत्येक नोंदीला चढता क्रमांक असतो, तो हा एलएसएन. एका लॉग बॅकअपचा शेवटचा क्रमांक आणि पुढच्या लॉग बॅकअपचा पहिला क्रमांक एकच असला की साखळी अखंड. मध्ये कितीही फुल बॅकअप झाले तरी हे आकडे एकमेकांना जुळत राहतात.

याचा फायदा फार मोठा आहे. रविवारचा फुल बॅकअप खराब निघाला, पण आधीच्या रविवारचा फुल आणि तेव्हापासूनचे सगळे लॉग बॅकअप हाताशी आहेत, असं समजा. मग त्या जुन्या फुलवरून सुरुवात करून लॉगमागून लॉग लावत आजच्या सकाळपर्यंत येता येतं. वेळ लागेल, पण डेटा येईल. 'फुल झाला, आता आधीचे लॉग पुसून टाकू' अशा धोरणाने हीच वाट बंद होते.

साखळी तपासायला 2012 पासून एसक्यूएल सर्व्हरमध्ये असलेलं लॅग हे फंक्शन पुरतं. डेटाबेसनिहाय लॉग बॅकअप क्रमाने लावायचे आणि आधीच्या ओळीचा शेवटचा एलएसएन या ओळीच्या पहिल्याशी ताडून बघायचा. कॉपी-ओन्ली लॉग बॅकअप आधी वगळायचे, कारण ते साखळीचा भाग नसतात आणि खोटी तूट दाखवतात. खरी तूट निघाली तर कारण बहुधा दोहोंपैकी एक असतं: कुणीतरी मधेच रिकव्हरी मॉडेल सिंपल करून पुन्हा फुल केलं, किंवा एखादा लॉग बॅकअप दुसऱ्याच सर्व्हरवर झाला. पहिल्या बाबतीत नवीन फुल किंवा डिफरन्शियल बॅकअप घेतल्याशिवाय साखळी पुन्हा सुरू होत नाही. हीच क्वेरी थोडी वाढवून दोन लागोपाठच्या लॉग बॅकअपमधलं सगळ्यात मोठं अंतर काढावं. कागदावर 'जास्तीत जास्त पंधरा मिनिटांचा डेटा जाईल' असं लिहिलेलं असतं. गेल्या तीन महिन्यांत हे अंतर कुठे कुठे दोन तासांवर गेलं होतं का, ते इथे स्पष्ट दिसतं. मला ही या टेबलांची सगळ्यात मोलाची माहिती वाटते.

रिकव्हरी मॉडेल 'फुल' ठेवलं की काम झालं, असंही समजलं जातं. नव्या डेटाबेसचा पहिला फुल बॅकअप होईपर्यंत तो प्रत्यक्षात सिंपलसारखाच वागतो: लॉग आपोआप मोकळा होत राहतो आणि लॉग बॅकअप घेता येत नाही. ही अवस्था सिस डॉट डेटाबेसेसमध्ये दिसत नाही, तिथे 'फुल' असंच लिहिलेलं असतं. ती 'सिस डॉट डेटाबेस_रिकव्हरी_स्टेटस' या व्ह्यूत दिसते. तिथला 'लास्ट_लॉग_बॅकअप_एलएसएन' नल असेल तर साखळी सुरूच झालेली नाही.

डिफरन्शियलच्या बाबतीत चूक उलट दिशेने होते. तिथे मध्येच झालेल्या फुल बॅकअपने खरोखर फरक पडतो आणि नेमकं तिथे लोक निर्धास्त असतात. डिफरन्शियल बॅकअप त्याआधीच्या शेवटच्या फुल बॅकअपवर उभा असतो, आणि कॉपी-ओन्ली नसलेला प्रत्येक फुल बॅकअप हा पाया बदलतो. व्हर्च्युअल मशीनचा बॅकअप घेणारी साधनं रात्री डेटाबेसचा स्नॅपशॉट घेतात, आणि बॅकअपसेटमध्ये त्याची नोंद 'डी' प्रकारातच पडते. वरवर बघणाऱ्याला वाटतं, रोज फुल बॅकअप होतोय, छान. पण 'इज_स्नॅपशॉट' या रकान्यात 1 असतं आणि फाइलच्या पत्त्याच्या जागी ओळखता न येणारी लांबलचक अक्षरं असतात. तो स्नॅपशॉट कॉपी-ओन्ली नसेल तर तुमचे पुढचे सगळे डिफरन्शियल त्याच्यावर उभे राहतात, आणि रविवारच्या फुल फाइलवर ते लागतच नाहीत. ओळख पटवणं सोपं आहे: डिफरन्शियलच्या ओळीतला 'डिफरन्शियल_बेस_जीयूआयडी' आपल्या फुलच्या 'बॅकअप_सेट_यूयूआयडी'शी जुळतो का ते पाहायचं.

वेळेबद्दल थोडक्यात. बॅकअप संपल्याची वेळ सर्व्हरच्या स्थानिक घड्याळाची असते. सोबत 'टाइम_झोन' हा रकाना पंधरा मिनिटांच्या हिशेबाने फरक सांगतो. भारतीय वेळेसाठी तिथे 22 असतं, म्हणजे साडेपाच तास. क्लाउडमधले सर्व्हर बहुधा यूटीसीवर चालतात. त्यांची आणि पुण्यातल्या सर्व्हरची नोंद एकाच अहवालात हा रकाना न बघता मिसळली, तर पहाटे दोनचा बॅकअप आदल्या रात्री साडेआठचा दिसतो.

आपल्या सर्व्हरचा सगळा इतिहास आपल्याच एमएसडीबीमध्ये असतो, हेही पूर्ण खरं नाही. ऑलवेज ऑन गटात बॅकअप दुय्यम रेप्लिकावर लावलेला असेल तर नोंद फक्त त्याच सर्व्हरवर पडते आणि मुख्य सर्व्हरवर पोकळी दिसते. सगळ्या रेप्लिकांच्या नोंदी एकत्र केल्याशिवाय साखळीबद्दल काहीच बोलता येत नाही. याउलट दुसरीकडून आणलेली फाइल रिस्टोअर केली की त्या परक्या बॅकअपची ओळही इथल्या बॅकअपसेटमध्ये येऊन बसते. 'सर्व्हर_नेम' तपासला नाही तर चाचणी सर्व्हरवर आणलेला जुना बॅकअप इथलाच वाटतो. डेटाबेसचं नाव बदललं असेल तर नावावरून केलेला शोधही फसतो. अशा वेळी 'फॅमिली_जीयूआयडी' कामी येतो, कारण तो डेटाबेसच्या जन्मापासून, दुसऱ्या नावाने रिस्टोअर केला तरी, तोच राहतो.

आणि सर्व्हरच गेला तर? एमएसडीबीही जातो. त्याचा रोज वेगळ्या जागी बॅकअप घ्यावाच, पण तो नसला तरी सगळं संपत नाही. 'रिस्टोअर हेडरओन्ली' ही आज्ञा बॅकअप फाइलच्या माथ्यावरून हीच माहिती वाचून देते: प्रकार, वेळा, एलएसएन, कॉपी-ओन्ली आहे की नाही. फाइली शाबूत असतील तर इतिहास त्यांच्यातूनच पुन्हा जुळवता येतो.

'रिस्टोअर व्हेरिफायओन्ली' हिरवं आलं की बॅकअप चांगला, असं मानणाऱ्यांनी दोन रकाने बघावेत. 'हॅज_बॅकअप_चेकसम्स' शून्य असेल तर पडताळायला चेकसमच लिहिलेले नव्हते. 'इज_डॅमेज्ड' एक असेल तर बॅकअप घेतानाच खराबी सापडली होती आणि तरी तो पुढे रेटला गेला. दोन्ही रकाने ठीक असले तरी आतल्या डेटाची रचना शाबूत असल्याची खात्री व्हेरिफायओन्ली देत नाही. त्यासाठी दुसऱ्या सर्व्हरवर खरंच रिस्टोअर करून चेकडीबी चालवावं लागतं. रिस्टोअरहिस्टरीत त्याचा पुरावा राहतो. मात्र तिथल्या 'व्ही' प्रकारच्या ओळी नुसत्या तपासणीच्या असतात, त्या रिस्टोअर म्हणून मोजू नयेत. त्या टेबलात रिस्टोअर कधी झालं याचा एकच रकाना आहे, त्यामुळे रिस्टोअरला किती वेळ लागला हे तिथून कळत नाही. तो प्रत्येक सरावाच्या वेळी स्वतः लिहून ठेवावा लागतो.

राहिली एन्क्रिप्शनची गोष्ट. बॅकअप एन्क्रिप्ट केलेला असेल किंवा डेटाबेसवर टीडीई चालू असेल, तर सर्टिफिकेटशिवाय ती फाइल निरुपयोगी आहे, मग नोंदी कितीही नीट असोत. एन्क्रिप्ट केलेल्या बॅकअपच्या ओळीत 'एन्क्रिप्टर_थंबप्रिंट' हा रकाना असतो. मास्टर डेटाबेसमधल्या 'सिस डॉट सर्टिफिकेट्स'शी तो जुळवून बघा. त्याच व्ह्यूत 'पीव्हीटी_की_लास्ट_बॅकअप_डेट' असाही रकाना आहे: सर्टिफिकेटची खासगी चावी शेवटची कधी बाहेर काढून ठेवली त्याची तारीख. तिथे नल दिसत असेल तर आजच 'बॅकअप सर्टिफिकेट' चालवा, आणि ती फाइल व तिचा पासवर्ड बॅकअपच्या फाइलींपासून वेगळ्या जागी ठेवा.