खाडीतील माशांची प्रकृती



मन्नाएखेळ्ळीसारख्या गावी राहणाऱ्या शिक्षकाने खाडीतील माशांविषयी बोलावे, हे आपणांपैकी काहींना विचित्र वाटेल. पुण्याहून मच्छलीपट्टणकडे जाणारा हमरस्ता आमच्या गावावरून जातो खरा. परंतु समुद्र आम्हांस कोणत्याही टेकडीवरून दिसत नाही. तथापि आमच्या जिल्ह्यातील पाणी येथेच थांबत नाही. कारंजा नदीचे पाणी मांजरेत आणि मांजरेचे गोदावरीत जाते. मुल्लामारीचे पाणी कागिणा व भीमा यांच्या वाटेने कृष्णेस मिळते. म्हणजे आमच्या ओढ्यात जे पडते, त्यातील काही अंश तरी कोठल्या ना कोठल्या नदीमुखाशी पोचावयाचाच. म्हणून त्या टोकाला राहणाऱ्या माशांची प्रकृती कशी तपासतात, हे समजून घेणे आमच्याही कर्तव्यात मोडते.

नदीचे गोडे पाणी आणि भरतीचे खारे पाणी जेथे एकमेकांत मिसळते, ती खाडी. नदीने वाहून आणलेले बारीक कण खाऱ्या पाण्याच्या संपर्काने एकमेकांस चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. या गाळातून चिखलातील जीवांना अन्न मिळते आणि त्या जीवांवर मासे जगतात. बोय, जिताडा, शिंगाळा, कोळंबी यांची लहान पिले खाडीच्या आश्रयाने वाढतात. परंतु ज्या गाळाने खाडी समृद्ध होते, त्याच गाळाला चिकटून शिसे, जस्त, पारा असे धातूही तळाशी येऊन बसतात. पाणी पुढे निघून गेले तरी गाळ मागे राहतो.

याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. बोरघाटाच्या परिसरात उगम पावणारी उल्हास नदी बदलापूर, कल्याण, ठाणे या भागांतून वाहत वसईच्या खाडीला मिळते. तिच्या काठी मोठी नगरे आणि रासायनिक कारखाने उभे राहिले. गोव्यातील दोनापावल येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २००३ साली एक निबंध प्रसिद्ध करून उल्हास खाडीच्या गाळात पारा साठल्याचे दाखवून दिले. कॉस्टिक सोडा तयार करण्याच्या जुन्या पद्धतीत पाऱ्याचा उपयोग होत असे, हे त्याचे एक प्रमुख कारण. गाळातील सूक्ष्म जंतू पाऱ्याचे मिथिल-पाऱ्यात रूपांतर करतात. हे विष लहान जीवांतून लहान माशात व तेथून मोठ्या माशात जाते, आणि प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढते. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली जो रोग उघडकीस आला, तो असेच मासे खाल्ल्याने जडला होता. मग माशाची प्रकृती ही केवळ माशाची बाब कशी राहील?

आता प्रश्न असा की, मासा आजारी आहे हे ओळखावे कसे? मेलेला मासा तरंगताना सर्वांनाच दिसतो. पण तोवर फार उशीर झालेला असतो. अभ्यासकाला जिवंत माशातील बिघाड शोधावयाचा असतो. पहिली कसोटी वजनकाट्याची. माशाच्या वजनाच्या ग्रॅमांना शंभराने गुणून, त्याच्या लांबीच्या सेंटिमीटरांच्या घनाने भागावे. वीस सेंटिमीटर लांबीचा मासा ९६ ग्रॅम भरला, तर उत्तर १.२ येते, ८० ग्रॅमच भरला, तर १ येते. दोन्ही मासे एकाच जातीचे असतील, तर दुसरा रोडावला आहे असे समजावे. परंतु गाबोळीने भरलेल्या मादीचे वजन साहजिकच अधिक असते. म्हणून ऋतू, वय आणि नर-मादी हा भेद पाहिल्यावाचून केवळ आकड्यावर विसंबू नये.

दुसरी कसोटी कल्ल्यांची. कल्ल्याच्या नाजूक पापुद्र्यांतून मासा श्वास घेतो. पाण्यात विषारी द्रव्ये असली, की हे पापुद्रे सुजतात, एकमेकांस चिकटतात आणि त्यांवर बुळबुळीत थर वाढतो. सूक्ष्मदर्शकाखाली हे स्पष्ट दिसते. तिसरी कसोटी यकृताची. विषाचा निचरा करण्याचे काम यकृताकडे असल्यामुळे त्याचा आकार व पेशी बदलतात. काही कीटकनाशकांचा परिणाम मेंदूतील एका विकराच्या मंदावलेल्या कार्यावरून ओळखता येतो.

याबरोबरच पाण्याचीही परीक्षा हवी. पंचवीस अंश सेल्सियस उष्णतेस एक लिटर गोडे पाणी सुमारे आठ मिलिग्रॅम प्राणवायू धरून ठेवते. समुद्राचे पाणी पावणेसातच्या आसपास. सांडपाणी कुजवणारे जंतू हाच प्राणवायू वापरून टाकतात. म्हणून नमुना घेताना भरती होती की ओहोटी, पाणी किती खारे होते आणि ऋतू कोणता होता, हे टिपून ठेवावेच लागते. शिवाय तुलनेसाठी एखादी कमी दूषित खाडी निवडावी लागते. निरोगी मासा कसा असतो हेच माहीत नसेल, तर रोगी कोणास म्हणावे?

येथे एका गैरसमजापासून सावध राहिले पाहिजे. चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या पाहून ‘मासे आहेत, म्हणजे खाडी ठीक आहे’ असे कोणी म्हणेल. पण निवटी ओल्या त्वचेतून व तोंडातील अस्तरातूनही हवेतील प्राणवायू घेऊ शकते. पाण्यातील प्राणवायू संपला तरी ती काही काळ तग धरते. तिच्या असण्याने पाण्याची शुद्धता सिद्ध होत नाही. खाडीत एकेकाळी कोणत्या जाती होत्या आणि त्यांपैकी कोणत्या नाहीशा झाल्या, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. त्याचे उत्तर पुष्कळदा प्रयोगशाळेत नसते. ते जुन्या कोळ्याच्या आठवणीत असते. पूर्वी जिताडा कोठे मिळे, तिसऱ्या कोठल्या चिखलात सापडत, जाळे आता किती दूर न्यावे लागते, हे तो सांगू शकतो. चांगला अभ्यासक त्याला विचारल्याशिवाय नकाशा काढावयास बसत नाही.

कारण अखेर येथे पणास लागलेली गोष्ट आहे ती माणसाची भाकरी. खाडीचे मासे कमी झाले, की होडी असलेला कोळी समुद्रात पुढे जातो. पण चिखलात हातांनी कालवे आणि शिवल्या वेचणाऱ्या बाईने कोठे जावे? आणि मासे दूषित असल्याचा नुसता संशय पसरला, तरी तिच्या टोपलीस गिऱ्हाईक मिळत नाही. म्हणून अभ्यास काटेकोर हवा, त्याचे निष्कर्ष उघड हवेत, आणि दोष नेमका कोठून येतो हे त्यात सांगितलेले हवे. संसदेने १९७४ साली जलप्रदूषण रोखण्याचा कायदा केला; परंतु कायद्याला पुरावा लागतो, आणि तो पुरावा असा एकेका कल्ल्याच्या तपासणीतून उभा राहतो.

मी मुलांना भूगोल शिकविताना नदी उगमापासून मुखापर्यंत काढावयास सांगतो. आता त्यांना एकदा उलट, मुखापासून उगमाकडे, बोट फिरवावयास सांगणार आहे. ते बोट डेल्ट्यातून निघून गोदावरी, मांजरा, कारंजा अशा वाटेने वर येईल, आणि कदाचित आपल्याच परिसरातील एखाद्या ओढ्यापाशी थांबेल. तेथे आपण आज काय टाकले, हे प्रत्येकाने स्वतःस विचारून पाहावे.