जुन्या मोटारीच्या रंगाची निगा

मुळशी तालुक्यातील नांदे येथे, जेथे उन्हाळ्यात धुळीचा आणि पावसाळ्यात सह्याद्रीकडून येणाऱ्या सरींचा मारा आळीपाळीने होतो, तेथे वापरलेली मोटार घेणाऱ्याने इंजिनाइतकीच तिच्या रंगाचीही तपासणी करणे अगत्याचे आहे. आजच्या बहुतेक मोटारींत पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांवर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असून, हा शेवटचा थर साधारणतः ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे केसाहूनही बहुधा पातळ असल्यामुळे, प्रत्येक रबिंग हा त्या मर्यादित पुंजीतील खर्चच होय. म्हणून प्रथम भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी, मग शांपूने धुवावे. बोटांना खरखर लागल्यास पत्रा ओला ठेवून क्ले बार, म्हणजे चिकटलेला मळ ओढून घेणारी चिकणमातीसारखी वडी, हलकेच फिरवावा. आणि ज्या ओरखड्यात नख अडकत नाही, तेवढ्यावरच पॉलिश करावे. नख अडकणारा ओरखडा किंवा पापुद्रे सुटलेला क्लिअर कोट यांस नव्या रंगकामावाचून इलाज नाही. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर वॅक्सचा पातळ हात द्यावा. पक्ष्यांची विष्ठा वाळू न देता, भिजवून, न घासता टिपून काढावी. यात हयगय केल्यास तिचा डाग थरातच कायम होतो.