एक पेला पाणी आणि एक मुळा

आमच्या पुंडलिकनगरातल्या मुलांना पाणी सांडलेलं अजिबात चालत नाही. का, ते छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्या कुणालाही विचारा. गेली कित्येक वर्षं इथे नळाला रोज पाणी येत नाही. कधी चार दिवसांनी, कधी आठ. गल्लीत टँकर आला की हंडा, कळशी, बादली, मिळेल ते घेऊन धाव! आणि घरी परत येताना हिंदकळून थोडं सांडलं, की आईची हाक आलीच म्हणून समजा.

आता अशीच एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. शाळेत जाणारी, पाठीला दप्तर. आकाशातून एक यान उतरतं. त्यातली माणसं तिच्या हातात पाण्याने भरलेला पेला देतात. हे पाणी तिला पोचवायचं आहे, पण वाटेत आडवे येतात यंत्रमानव आणि राक्षसी प्राणी. मुलगी दप्तरातली पट्टी तलवारीसारखी उपसते, दप्तराचं रॉकेट करून उडते आणि शेवटी पाणी ओतते... कशावर? शेतातल्या एका सुकलेल्या मुळ्यावर! मुळा टरारून फुगतो आणि त्याचं होतं अंतराळयान. मुलगी त्याची कप्तान होऊन निघून जाते.

हसलात ना? ही पाच-एक मिनिटांची कार्टून फिल्म होती. ती बनवली होती हौशी पोरांनी, १९८१ साली, जपानमधल्या ओसाका शहरात.

मुळाच का बरं?

आपल्याकडे साहित्य संमेलन भरतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. २०२१ साली नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष होते डॉ. जयंत नारळीकर, म्हणजे विज्ञानकथा लिहिणारे शास्त्रज्ञ. जपानमध्ये तर फक्त विज्ञानकथांच्या चाहत्यांचं वेगळं संमेलन भरतं, दरवर्षी नव्या गावी. १९८१ साली पाळी होती ओसाकाची. ओसाका या नावातलं पहिलं चिनी अक्षर 'दाइ' असंही वाचतात. त्याला 'कन्व्हेन्शन'मधला 'कॉन' जोडला आणि नाव झालं 'दाइकॉन'. गंमत अशी, की जपानी भाषेत 'दाइकोन' म्हणजे मुळा! म्हणून फिल्ममध्ये मुळा.

संमेलनाच्या सुरुवातीला भाषणांऐवजी काहीतरी झकास दाखवू या, असं संयोजकांनी ठरवलं. तेही विद्यार्थीवयाचेच. त्यांनी ओसाकाच्या कला विद्यापीठातले तीन विद्यार्थी गाठले : हिदेआकी आन्नो, हिरोयुकी यामागा आणि ताकामी आकाई. तिघांत थोडाफार अनुभव होता तो आन्नोला. बाकीचे दोघे जवळजवळ कोरेच!

आता थोडा हिशेब करा. पडद्यावर चित्र हलतंय असं वाटायला सेकंदाला साधारण २४ चौकटी लागतात. पाच मिनिटांचे ३०० सेकंद. म्हणजे ७,२०० चौकटी! एकच चित्र दोन-दोन चौकटींना वापरलं, तरी ३,६०० चित्रं काढायची, रंगवायची आणि एकेक करून कॅमेऱ्याखाली ठेवायची. चित्रकलेच्या तासाला एक चित्र पुरं करताना आपली काय दमछाक होते, आठवा!

त्यात पैसे नाहीत. कार्टूनची चित्रं ज्या पारदर्शक पत्र्यांवर रंगवतात ते महाग. या मंडळींनी त्याऐवजी स्वस्तातलं साधं प्लॅस्टिक आणलं. झालं! रंगवलेले कागद एकावर एक ठेवले की एकमेकांना चिकटायचे आणि सोडवताना रंगाचे पोपडे निघायचे. पुन्हा रंगवा! पण संमेलनाची तारीख काही पुढे जाणार नव्हती.

फिल्म वेळेत दाखवली गेली आणि लोक थक्क झाले. खर्चाचा खड्डा मात्र मोठा होता. तो भरून काढायला फिल्मच्या प्रती विकायला काढल्या. त्या इतक्या खपल्या, की पुढच्या फिल्मलाही पैसे उरले.

१९८३ च्या संमेलनासाठी त्याच मंडळींनी दुसरी फिल्म केली, आधीपेक्षा कितीतरी सफाईदार. पण तिथे एक चूक झाली. एका इंग्रजी बँडचं गाणं त्यांनी परवानगी न घेताच वापरलं होतं. त्यामुळे इतकी सुंदर फिल्म पुढे रीतसर विकणं अवघड होऊन बसलं. ही गोष्ट गाठीला बांधून ठेवा!

१९८४ साली या दोस्तांनी स्वतःची कंपनी काढली, 'गायनॅक्स'. यामागाने दिग्दर्शित केलेला तिचा पहिला मोठा चित्रपट १९८७ मध्ये आला. आन्नोची 'इव्हँजेलियन' ही मालिका १९९५ मध्ये आली आणि जगभर गाजली. २०१६ चा 'शिन गॉडझिला'ही त्याचाच. कंपनी मात्र पुढे कर्जात बुडाली आणि २०२४ साली तिचं दिवाळं निघालं. मुळ्याची ती फिल्म लोक अजून आवडीने पाहतात.

सुपरमॅन मालेगावचा

'जपानचं काय सांगता! आपल्याकडे कुठलं आलंय?' असं म्हणू नका. मालेगाव आपल्याला काही परकं नाही. यंत्रमागांचं गाव. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास अवघ्या ५० हजार रुपयांत 'मालेगाव के शोले' काढला. कॅमेरा सरकवायला सायकल आणि उंचावर न्यायला बैलगाडी!

मग त्यांनी सुपरमॅन उडवायचं ठरवलं. मागे हिरवं कापड लावायचं, नटाला आडवं धरून चित्रण करायचं आणि नंतर कॉम्प्युटरवर हिरवा रंग काढून तिथे आकाश भरायचं. नट होता शफिक, यंत्रमागावर काम करणारा किडकिडीत तरुण. शूटिंग चालू असतानाच त्याचं लग्नही झालं! ही सगळी धडपड फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात टिपली आहे. तो पाहताना पोट धरून हसाल आणि शेवटी गप्प व्हाल. कारण शफिक पुढे कर्करोगाने तरुणपणीच गेला. पण पडद्यावर तो अजूनही उडतोच आहे.

करून पाहा

१९१२ साली दादासाहेब फाळक्यांना चित्रपट काढायचा होता, पण पैसे द्यायला कुणी तयार होईना. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. रोज थोडं थोडं चित्रण करत महिनाभर चिकाटी धरली. पडद्यावर तो वेल मिनिटभरात सरसर वाढला आणि पाहणारे चकित झाले. मग पैसे उभे राहिले आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला.

तुम्हीही हेच करा. आईबाबांचा मोबाईल रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी ठेवा. जागेवर खडूने खूण करा, नाहीतर चित्र उड्या मारेल! वाटाण्याचा एकेक फोटो काढा आणि महिन्याने सगळे जोडा. गोष्ट हवी असेल तर दूर कशाला जायचं? आपल्याच गल्लीतला टँकर, पन्नास वर्षांनंतरचा! तो कुठून येईल? मंगळावरून? पाणी कोण मोजून देईल, यंत्रमानव? आणि रांगेत सगळ्यात शेवटी उभी असलेली मुलगी काय करेल?

मित्र जमवा, घरच्या भिंतीवर पांढरी चादर लावा आणि एका रविवारी गल्लीचाच महोत्सव भरवा. आपल्या शहरात अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरत आला आहे आणि त्यात मराठवाड्यातल्या लघुपटांची स्पर्धाही झाली आहे. गल्लीतून तिथपर्यंतचा रस्ता काही फार लांब नाही.

फक्त पाणी सांडू नका हं!