तबकडीच्या पाठीवरची नावं

‘कोकण डान्स’ नावाची जॅझची एक तबकडी आहे. तिचं ध्वनिमुद्रण झालं लंडनमध्ये. गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा १९३६ साली मुंबईत एका गोवेकर कुटुंबात जन्मला आणि १९६७मध्ये लंडनला गेला. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने हे संगीत मुद्रित केलं, पण ते फितीवरच पडून राहिलं. बाजारात आलं थेट २००६ साली. तोवर डिसिल्वाला जाऊन दहा वर्षं झाली होती. कोकणाचं नाव मिरवणारी ही तबकडी महाड-पोलादपुरात फारशी कुणाच्या कानावर पडली नसेल. तिची कहाणी मात्र इथल्या माणसाने ऐकावी अशी आहे.

कारण ती एकटी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत ब्रिटनमधल्या जॅझ वादकांनी, विशेषतः पियानोवादकांनी केलेलं कितीतरी काम असंच अडगळीत गेलं आणि गेल्या वीसेक वर्षांत पुन्हा वर आलं.

अडगळीत जाण्याची कारणं बहुतेक व्यवहाराची होती. मायकेल गॅरिक या पियानोवादकाची ‘मूनस्केप’ ही १९६४ची तबकडी घ्या. तिच्या प्रती निघाल्या फक्त ९९. तेव्हाच्या ब्रिटनमध्ये शंभराच्या आतल्या प्रतींना खरेदी कर लागत नसे, म्हणून छोट्या कंपन्या ९९वरच थांबत. इतक्या प्रती मित्रमंडळींतच संपतात. त्यात साठच्या दशकात बीटल्सची लाट आली आणि दुकानातल्या फळीवर जॅझला जागा उरली नाही. माइक टेलर या पियानोवादकाच्या तर हयातीत दोनच तबकड्या आल्या, १९६६ची ‘पेंड्युलम’ आणि १९६७ची ‘ट्रिओ’. १९६९मध्ये तो टेम्स नदीच्या मुखाशी बुडून गेला. तेव्हा त्याचं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं.

या पियानोवादकांचा आपल्याशी संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. गॅरिकची साठच्या दशकातली एक तबकडी ‘ब्लॅक मॅरिगोल्ड्स’, म्हणजे काळे झेंडू. हे नाव एका इंग्रजी काव्याचं, आणि ते काव्य बिल्हणाच्या ‘चौरपंचाशिके’वरून केलेलं. बिल्हण हा अकराव्या शतकातला काश्मिरी कवी. तो चालुक्य राजा विक्रमादित्य सहावा याच्या कल्याणीच्या दरबारी होता. ते कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. सीमाभागातल्या मराठी माणसाला ते गाव सांगावं लागत नाही.

दुसरा धागा आणखी थेट आहे. १९६६मध्ये ‘इंडो-जॅझ सूट’ ही तबकडी निघाली. रचना कलकत्त्यात जन्मलेल्या जॉन मेयरची, सॅक्सोफोन जमैकाच्या जो हॅरियटचा, पियानो पॅट स्माइथचा. सतारीवर दिवाण मोतीहार, तबल्यावर केशव साठे आणि तंबोऱ्यावर चंद्रहास पैंगणकर. साठे मुंबईचे, पन्नाशीच्या दशकात ते लंडनला गेले आणि पुढे तिथल्या जॅझ व लोकसंगीताच्या कलाकारांना ते हक्काचे तबलजी झाले.

या बैठकीत सगळ्यांत अवघड काम होतं ते पियानोवाल्याचं. पियानोच्या पट्ट्या ठरावीक बारा स्वरांवर बांधलेल्या असतात. दोन स्वरांच्या मधून जाणारी मींड त्यावर निघत नाही. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनिअम बंद केला तो काहीशा याच तक्रारीवरून, आणि ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. शिवाय जॅझचा पियानोवाला एका वेळी अनेक स्वर दाबून सतत बदलता स्वरमेळ उभा करतो. राग मात्र एका षड्जावर स्थिर उभा असतो. दोन्ही एकत्र आले की पियानोवाल्याला हात आवरावा लागतो. कुठे वाजवायचं नाही, हे त्याला आधी ठरवावं लागतं. स्माइथ शिक्षणाने वकील आणि युद्धात वैमानिक. त्याचा हात मुळातच हलका होता आणि दुसऱ्याला जागा देणारा होता. हा संयम इथे कामी आला.

मग हे सगळं पुन्हा सापडलं कसं? जुन्या बाजारात तबकड्या चाळणाऱ्या हौशी मंडळींनी आधी कुतूहल जागं ठेवलं. २००२मध्ये जाइल्स पीटरसन या रेडिओ निवेदकाने या काळातल्या निवडक रचनांचा संग्रह काढला आणि नवी पिढी ऐकू लागली. ‘मूनस्केप’ ट्रंक रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीने पुन्हा काढली. २०२१मध्ये डेक्कासारख्या मोठ्या कंपनीने आपल्या तळघरातला माल मालिका करून बाहेर आणला. मूळ फिती जिथे टिकल्या होत्या तिथून नव्याने उतरवून घेतल्या गेल्या.

पण फीत सापडून भागत नाही. वाजवणारा कोण, हे कळावं लागतं. बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’वर (१९६६) तबलजी अनिल भागवत यांचं नाव छापलं होतं, म्हणून ते आज जगाला माहीत आहे. पुढच्याच वर्षीच्या ‘सार्जंट पेपर’वर वाजवणाऱ्या भारतीय वादकांची नावं छापली नव्हती. जगातल्या सर्वांत गाजलेल्या तबकड्यांपैकी एक, तरी त्यातल्या चौघांची नावं जगासमोर यायला २०१७ उजाडलं.

आता आपल्याकडे पाहा. शक्ती-तुऱ्याचे सामने, गणपतीतली जाखडी, गावकीची भजनं, २० मार्चला चवदार तळ्यावर होणारी भीमगीतं. कॅसेटच्या जमान्यात यातलं बरंच टेपरेकॉर्डरवर भरून घेतलं गेलं. त्या कॅसेटी कोकणच्या दमट हवेत बुरशी धरतात. जुलै २०२१च्या पुरात सावित्रीचं पाणी महाडच्या घराघरांत शिरलं. अशा पाण्यात चुंबकीय फितीचं काय होतं ते सांगायला नको.

उरल्यासुरल्या कॅसेटींसाठी करण्यासारखं थोडंच आहे, पण ते लवकर करावं लागेल. बुरशी दिसली तर कॅसेट लगेच यंत्रात घालू नये, तिची लागण यंत्रातून दुसऱ्या कॅसेटीला होते. आधी कोरड्या जागी ठेवून साफ करून घ्यावी, मग एकदाच वाजवून संगणकावर उतरवावी. खरखर काढण्याच्या नादी लागू नये, तिच्यासोबत मृदंगाची धारही जाते. मूळ कॅसेट टाकून देऊ नये.

आणि नावं लिहावीत. शाहीर आपलं नाव शेवटच्या कडव्यात गुंफून ठेवतो, त्यामुळे तो बहुधा हरवत नाही. मृदंगावर कोण, झांज कुणाची, मागे झील धरणारे कोणत्या वाडीचे, हे मात्र फक्त गावातल्या म्हाताऱ्यांना आठवतं. उतरवलेली कॅसेट त्यांना ऐकवावी, त्यांनी सांगितलेली नावं, गाव आणि साल लेबलावर लिहावं. लंडनमधल्या एका तंबोरेवाल्याचं नाव आज इथे लिहिता आलं, ते साठ वर्षांपूर्वी कुणीतरी ते छापण्याची तसदी घेतली म्हणून.