धारेसाठी दगड कोणता घ्यावा?

मुळशीच्या रिहे खोऱ्यात दगडाला तोटा नाही. बांध, विहिरी, जुन्या घरांचे चौथरे, सगळे एकाच काळ्या पाषाणाचे. साहजिकच विळा बोथटला किंवा खिशातला घडीचा चाकू सुतळी कापेना, की हात जवळच्या दगडाकडे जातो. पण धार लावायला हा दगड फारसा कामाचा नाही. खनिजांच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर हिरा १०, कुरुंद ९ आणि गारगोटी ७ वर आहे. काळ्या पाषाणातली मुख्य खनिजे साधारण सहाच्या आसपास येतात, आणि पाणी दिलेले पोलादही तेवढेच, कधी थोडे जास्तच कठीण असते. म्हणून हा दगड पोलाद कापत नाही, नुसता चोळतो. पाते चकाकते, धार मात्र येत नाही. मऊ लोखंडाचा विळा त्यावर थोडाफार लागतो, एवढ्यावरच त्याचा लौकिक टिकून आहे. गारगोटीच्या कणांचा वालुकाश्म चालला असता, पण मुळशीच्या डोंगरात तो नाही.

तेव्हा दगड विकतच घ्यायचा, तर हार्डवेअरच्या दुकानातला साधा दुतोंडी कार्बोरंडम घ्यावा, असे माझे मत आहे. कृत्रिम हिरा बनवायच्या खटपटीत एडवर्ड अ‍ॅचेसन या अमेरिकन संशोधकाला १८९१ मध्ये हे सिलिकॉन कार्बाइड सापडले. ते कुरुंदापेक्षाही कठीण असल्यामुळे घरातले कुठलेही पाते त्याच्यावर लागते. दगडाची एक बाजू खरबरीत, दुसरी बारीक असते. दगडाचा क्रमांक जितका मोठा, तितका कण बारीक. पाते आडवे ठेवून पाठ एवढीच उचलायची, की काटकोनाच्या निम्म्याच्याही निम्मा कोन व्हावा. एका बाजूने घासत राहिले की धारेवरचे पोलाद पलीकडे वळते. पात्याच्या पलीकडच्या अंगावरून नख धारेकडे सरकवले, की ते तिथे अडकते. टोकापासून मुठीपर्यंत सगळीकडे अडकले, तरच बाजू बदलायची. पुष्कळजण त्याआधीच थांबतात आणि दोष दगडाला देतात. शेवटी बारीक बाजूवर हलके हात फिरवून ही वळलेली कड काढून टाकली, की काम झाले.

धार लावणाऱ्याचे चाक दोन मिनिटांत हेच करते, मग हा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. कोयत्याला खोल खाच पडली असेल तर चाकच बरे. तिथे वाद नाही. पण कोरडे चाक वेगात फिरताना पातळ पाते तापते. धारेवर निळसर पट्टा दिसला, तर साध्या पोलादाचे पाणी तिथे उतरले असे समजावे. असा चाकू चार दिवसांत पुन्हा बोथटतो. खाचेत ओढायच्या स्वस्त साधनाचे गिऱ्हाईकही घाईचेच. त्याचा कोन ठरलेला, आणि ते धार घासण्यापेक्षा खरवडते जास्त. हिऱ्याच्या कणांच्या पट्टीची बाजू मात्र खरोखर भक्कम आहे. ती झिजून खोलगट होत नाही, आणि अतिकठीण स्टेनलेस पोलाद तिच्यावर लवकर लागते. तसा महागडा चाकू असेल तर ती जरूर घ्यावी. खताची गोणी फोडणाऱ्या नि सुतळी तोडणाऱ्या चाकूला तिची गरज नाही.

भातकापणीच्या दातेरी वैभव विळ्याची गोष्ट निराळी. त्याचे दात दगडावर सरसकट घासले तर ते बुजतात, आणि दात गेले की तो साध्या विळ्याहूनही वाईट चालतो. साध्या चाकूचा दगड त्याच्यावर चालवू नये, हे बरे.

दुकानात दगड घेताना त्यावर एखादी सरळ पट्टी उभी धरून बघावी. मध्ये उजेड दिसला तर दुसरा मागावा. घासताना दगडावर पाणी किंवा तेल, एकच काय ते ठरवावे. एकदा तेल मुरले की दगड पुन्हा पाणी नीट घेत नाही. वापरून मधोमध खळगा पडला, तर सपाट फरशीवर ओली वाळू पसरून दगड तिच्यावर घासावा, म्हणजे तो पुन्हा सपाट होतो.