पुन्हा पाहताना दिसलेलं बोट

गेल्या दिवाळीत माझी भाची चार दिवस राहायला आली होती. एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती परत गेल्यावर पाहिलं, तर बाल्कनीतल्या वेताच्या खुर्चीचा एक हात मनगटापासून कोपरापर्यंत काळ्या धाग्याच्या गाठींनी भरून गेला होता. साठ-सत्तर तरी असतील. मी अजून एकही सोडलेली नाही.

त्या गाठी ती मोबाइलवरच्या एका व्हिडिओवरून शिकत होती. पडद्यावर फक्त दोन हात. चेहरा नाही, नाव नाही, हातमोज्यातली दहा बोटं आणि रेशमी धागा. एक हात धागा नुसता ताणून धरतो. दुसऱ्या हाताचं मधलं बोट धाग्याखाली वाकतं, टोक अडकवून मागे ओढतं आणि गाठ पडते. मग पुन्हा एकदा, उलट दिशेने. सगळं मिळून चार-पाच सेकंद. मी तीनदा पाहिलं आणि म्हटलं, कळलं. तिने धागा माझ्या हातात दिला. माझ्या बोटांना काहीही कळलेलं नव्हतं. "मावशी, तू धाग्याकडे बघतेयस," ती म्हणाली, "बोटाकडे बघ." मी चौथ्यांदा पाहिलं आणि ते वाकणारं बोट मला खऱ्या अर्थाने तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

तीनदा पाहून आलेला तो "कळलं"चा भास माझा एकटीचा नव्हता. 2018 साली शिकागो विद्यापीठातल्या मायकेल कार्डस आणि एड ओब्रायन यांनी नेमका हाच भास तपासला. टेबलावरची भांडी न हलवता खालचं कापड झटक्यात ओढून काढण्याचा व्हिडिओ त्यांनी काहींना एकदा दाखवला, काहींना वीस वेळा. वीस वेळा पाहिलेल्यांना आपल्याला हे जमेल असं कितीतरी जास्त वाटू लागलं. बाण फेकणं, मायकेल जॅक्सनचा मूनवॉक अशा गोष्टी त्यांनी लोकांकडून प्रत्यक्ष करवूनही घेतल्या. विश्वास वाढला होता, कौशल्य होतं तिथेच होतं. मला सर्वांत आवडला तो त्यांचा शेवटचा प्रयोग. बोलिंगच्या लाकडी बाटल्या हवेत झेलण्याचा व्हिडिओ पाहिल्यावर काही जणांच्या हातात ती बाटली नुसती धरायला दिली. झेलायची नाही, फक्त धरायची. तेवढ्याने भास ओसरला. डोळ्यांनी बांधलेली समजूत तळहाताला लागलेल्या वजनाने जागेवर आणली.

गाठीचंही तसंच आहे. सुरगाठ आणि निरगाठ हे शब्द आपल्या घरोघरी आहेत. ओढली की सुटते ती सुरगाठ, सुटता सुटत नाही ती निरगाठ. शस्त्रक्रियेत निरगाठच हवी, कारण कापलेल्या रक्तवाहिनीचं तोंड तिच्या भरवशावर बंद असतं. पहिला वेढा डावा उजव्यावर, दुसरा उजवा डाव्यावर. असं केलं की दोन फास एकमेकांत चपखल बसतात आणि धाग्याची टोकं आपापल्या बाजूने समांतर बाहेर येतात. दोन्ही वेढे एकाच दिशेने दिले, तर टोकं आडवी फुटतात आणि ती गाठ ताण आला की घसरू शकते. नवख्या डोळ्याला दोन्ही गाठी सारख्याच दिसतात. म्हणून चांगल्या व्हिडिओत एक धागा पांढरा आणि एक रंगीत घेतात आणि कॅमेरा सर्जनच्या खांद्यामागे ठेवतात. समोरून चित्रण केलं, तर पाहणाऱ्याला डावं-उजवं मनातल्या मनात उलटवावं लागतं आणि गाठ चुकायची ती तिथेच चुकते.

टाका घालण्याची सुई चंद्रकोरीसारखी वाकलेली असते. ती बोटांत नव्हे, नीडल होल्डरच्या चिमटीत धरतात, टोकापासून साधारण दोन तृतीयांश अंतरावर. कातडीत शिरताना सुईचं टोक काटकोनात उभं. त्यानंतर ढकलायचं नाही, कुलपात किल्ली फिरवावी तसं मनगट वळवायचं. सुई आपल्याच बाकाने वाट काढत पलीकडे निघते. इथपर्यंत सगळं पडद्यावर दिसतं. पण टाका आवळायचा किती? जखमेच्या दोन्ही कडा एकमेकींना भेटतील इतकाच. पुढच्या एक-दोन दिवसांत जखम सुजते, त्या सुजेला जागा लागते. जास्त आवळलं, तर कडांचं रक्त तुटतं आणि जी जखम मिटवायची तीच बिघडते. हा "इतकाच" कुठल्याही कॅमेऱ्याला टिपता आलेला नाही. तो बोटांच्या टोकाला कळतो.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नवव्या अध्यायात शिकाऊ वैद्याच्या सरावाची यादी आहे. कापायला कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी. फोडायला पाण्याने किंवा चिखलाने भरलेल्या कातडी पिशव्या. शीर टोचायला मेलेल्या जनावरांच्या शिरा आणि कमळाचे देठ. शलाका घालून पोकळी चाचपायला किडीने पोखरलेलं लाकूड आणि वेळू. रुतलेलं काही ओढून काढायला फणस, तोंडली आणि बेलफळाचा गर, शिवाय मेलेल्या जनावरांचे दात. शिवायला कापडाच्या आणि मऊ कातड्याच्या कडा. मी पूर्वी ही यादी वाचली तेव्हा प्राचीन काळाचं एक नवल म्हणून वाचली होती. खुर्चीच्या हातावरच्या गाठी पाहिल्यावर ती वेगळीच वाचली. दुध्याचा विरोध निराळा, कमळाच्या देठाचा निराळा, बेलाच्या गराचा निराळा. शरीर हाताला किती तऱ्हांनी अडवतं, त्याची ती यादी आहे. डोळ्यांना दाखवता येत नाही ते सगळं सुश्रुताने भाजीबाजारातून आणि रानातून गोळा केलं आहे. आजचे विद्यार्थी केळ्याच्या सालीवर आणि सिलिकॉनच्या चकतीवर टाके घालतात, ते त्याच यादीत पुढे जोडायचं.

मग व्हिडिओने शिकणं कमअस्सल म्हणायचं का? मुळीच नाही. 2007 साली कॅनडातल्या संशोधकांनी एक सुरेख तुलना प्रसिद्ध केली. टाके आणि गाठी नव्याने शिकणारे 60 वैद्यकीय विद्यार्थी चार गटांत वाटले. एका गटाला सरावासोबत संगणकावर हवा तेव्हा व्हिडिओ पाहण्याची मुभा होती. दुसऱ्याला हात चालू असतानाच तज्ज्ञ चूक सांगत होता, तिसऱ्याला काम संपल्यावर सांगत होता. चौथ्या गटाला यातलं काहीच नव्हतं. सराव संपल्यावर पहिले तिन्ही गट चौथ्याच्या पुढे होते. महिनाभराने पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा व्हिडिओवाल्यांचं आणि शेवटी सूचना मिळालेल्यांचं कौशल्य टिकलेलं आढळलं. हात चालू असताना पावलोपावली सांगितलं गेलेल्यांची आघाडी मात्र टिकली नव्हती.

मी यावर बराच वेळ विचार केला. शेजारी उभा राहून कुणी सतत सांगत असलं, की हात त्याच्या शब्दांवर चालतो. व्हिडिओ आपणहून बोलत नाही. विद्यार्थ्याला स्वतः अडावं लागतं, कुठे अडलो ते ओळखावं लागतं आणि नेमक्या त्या क्षणावर मागे जावं लागतं. धागा निसटला, मागे जा. सुई वाकडी निघाली, मागे जा. प्रश्न आधी हाताला पडतो, उत्तर शोधायला डोळा नंतर जातो.

आणि हाताला प्रश्न पडला, की डोळाही बदलतो. 2005 साली लंडनमध्ये बॅले आणि ब्राझीलचा कापोएरा नाचणाऱ्या निष्णात नर्तकांना दोन्ही नृत्यांचे व्हिडिओ दाखवून त्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. मेंदूतले हालचालींशी निगडित भाग स्वतःच्या नृत्याला जास्त उजळत होते, दुसऱ्याच्या नृत्याला कमी. पडदा तोच, दोघांना दिसतं ते वेगळं. अमेरिकेत मिशिगनमध्ये वजन घटवण्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या 20 सर्जननी आपापला एकेक व्हिडिओ दिला आणि इतर सर्जननी नाव न कळता त्यांना गुण दिले. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सर्वांत कमी गुणांच्या चौथाईतल्या सर्जनच्या रुग्णांत गुंतागुंत 14.5 टक्के होती, सर्वांत वरच्या चौथाईत 5.2 टक्के. एकाच व्हिडिओतून जाणत्यांना इतकं दिसलं. तोच व्हिडिओ मी पाहिला असता, तर मला फक्त चकचकीत हत्यारं दिसली असती.

स्वतःचाच हात पाहतानाही हे घडतं. यूजीन-लुई दोयें हा पॅरिसचा सर्जन. सिनेमा नुकताच जन्मला होता, तेव्हा 1898 मध्ये त्याने आपल्या शस्त्रक्रियांचं चित्रीकरण करवलं आणि त्याच वर्षी एडिंबरामध्ये ब्रिटिश डॉक्टरांच्या परिषदेत ते दाखवलं. शिकणाऱ्यांसाठी म्हणून घेतलेल्या त्या फिल्मने पहिला धडा त्यालाच दिला. जे आपण चोख करतो असं त्याला वाटत होतं, त्यातल्या उणिवा त्याला पडद्यावर दिसल्या आणि त्याने आपली पद्धत सुधारली. 1902 मध्ये याच दोयेंने ओडिशात जन्मलेल्या राधिका आणि दुधिका या जोडलेल्या जुळ्या बहिणींना वेगळं केलं. तेही चित्रित झालं. दुधिकाला क्षयाने ग्रासलं होतं, ती थोड्याच दिवसांत गेली. तिच्या शस्त्रक्रियेची फिल्म पुढे जत्रांमधूनही दाखवली गेली, हे वाचताना मला वाईट वाटलं आणि अजून वाटतं. शिकण्यासाठी पाहणं आणि नुसतं पाहणं यांत काय अंतर आहे, ते त्या दोन मुलींच्या वाट्याला आलं.

त्याच्याही शंभर वर्षं आधी, पडद्याचं नावही नव्हतं तेव्हा, पुण्याजवळची एक शस्त्रक्रिया लंडनला जाऊन पोचली होती. कावसजी हा इंग्रज फौजेतला बैलगाडीवान टिपूच्या हाती सापडला, त्याचं नाक कापलं गेलं. विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने ते परत घडवलं. आधी नाकाच्या थोटकावर मेणाचा पातळ पत्रा बसवून पाहिला, तो सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ मारली. तेवढी कातडी सोडवली, भुवयांमधला बारीक दुवा तसाच ठेवून ती खाली वळवली. टाका एकही घातला नाही. पानाला लावतो त्या काथाचा लेप दिलेल्या चिंध्यांनी ती जागच्या जागी धरली. कातडी रुजली, की सुमारे पंचविसाव्या दिवशी वरचा दुवा कापला. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिलं आणि ऑक्टोबर 1794 च्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याचं वर्णन कावसजीच्या चित्रासह छापून आलं.

लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनच्या हाती ते पडलं. त्याच्याजवळ होता छापील मजकूर आणि एक न हलणारं चित्र. त्याने मृतदेहांवर सराव केला आणि रुग्णाची वाट पाहिली. पारा दिलेल्या औषधोपचारात नाक गमावलेला एक लष्करी अधिकारी त्याच्याकडे आला. शस्त्रक्रियेच्या दिवशी तारीख होती 23 ऑक्टोबर 1814. वर्णन छापल्याला वीस वर्षं झाली होती. कार्प्यूने कपाळावर रेघ मारली आणि सुरी घेतली. शस्त्रक्रियेला 15 मिनिटं लागली.